कॉफीच्या चित्रातले पाय

काही वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात मी लिओतारच्या एका चित्रावर टिपण लिहिलं होतं. ज्याँ-एतिएन लिओतार (१७०२–१७८९) हा मूळचा जिनिव्हाचा चित्रकार. त्याचं ते चित्र जर्मनीत ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आहे. त्यात एक मोलकरीण तबक घेऊन चालली आहे आणि तबकात एक कप आणि पाण्याचा ग्लास आहे. ग्लासात उमटलेलं प्रतिबिंब, एप्रनच्या घड्या, टोपीची रेशमी फीत यांवर मी भरभरून लिहिलं आणि ओघात ‘कॉफी घेऊन निघालेली मुलगी’ असंही लिहून गेलो. पंधरवड्यात एका निवृत्त चित्रकला-शिक्षकांचं कार्ड आलं. मोजून तीन ओळी होत्या. ‘टिपण आवडलं. मात्र कपात कॉफी नाही, चॉकलेट आहे. चित्राचं नावच चॉकलेटवाली मुलगी असं आहे.’

चूक साधी होती, पण मला फार लागली. मी कुठल्या कलाशाळेत शिकलेलो नाही. ऑफसेट छापखान्यात रंगतपासणी करण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. कॅलेंडरं, साडीच्या खोक्यांची वेष्टनं, चहा-बिस्किटांच्या जाहिराती यांची प्रुफं भिंगाखाली धरून निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांचं गणित तपासायचं, हे माझं काम. चित्रं बघायला मी तिथेच शिकलो. तपकिरी रंग छपाईत सगळ्यात दगाबाज. किरमिजी किंचित वाढला की तांबूस होतो, निळा वाढला की मळकट. कॉफीच्या जाहिरातीचं प्रूफ आलं की आम्ही आधीच कपाळाला हात लावायचो. असा तपकिरी रंगावर आयुष्य काढलेला माणूस कपात काय आहे हे न बघताच लिहून मोकळा झाला होता.

त्या कार्डानंतर मी एक वही केली. ज्या चित्रात कॉफी आहे असं म्हणतात, ते चित्र मिळेल त्या पुस्तकात, मिळेल त्या मोठ्या छपाईत शोधायचं आणि त्याला तीन प्रश्न विचारायचे. कपात खरोखर काय आहे? ते कुणी ओतलं? आणि ते आलं कुठून? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा मिळालं. दुसऱ्याचं कधीकधी मिळालं. तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र पानामागून पान कोरं राहिलं. तो कोरेपणा कुठे आणि कसा भरला गेला, त्याची ही हकीगत.

आमच्या घरी कॉफी म्हणजे उपवास किंवा ताप. आई जायफळ किसून घालायची. रोजचं पेय चहा. कॉफीला थोडा मान होता, थोडं परकेपणही होतं. युरोपातल्या चित्रांत कॉफी शोधताना हे दोन्ही भाव मला ओळखीचे वाटले.

गर्दीचं पेय

कॉफी पिण्याची चाल पंधराव्या शतकात येमेनमधल्या सुफींमध्ये रुजली. रात्रीच्या जपासाठी जाग राहावी म्हणून ते ती घेत. तिथून ती मक्का, कैरो करत इस्तंबूलला गेली आणि सोळाव्या शतकाच्या मध्यावर तिथे कॉफीखाने उघडले. डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात एका उस्मानी चित्रसंग्रहातलं पान आहे. त्यात असा एक कॉफीखाना आहे. पागोटी घातलेले पुरुष दाटीवाटीने बसले आहेत, कुणी वाचतो आहे, कुणी पटावर खेळतो आहे, कुणी वाद्य वाजवतो आहे आणि एका बाजूला कॉफी तयार होते आहे. एकाच कपावर नजर खिळावी अशी या चित्राची रचनाच नाही. चित्रकाराला दाखवायचा होता तो एकत्र बसण्याचा सोहळा, कॉफी त्याचं निमित्त. राज्यकर्त्यांना कॉफीची भीती वाटे तीही याचमुळे. मक्केत १५११ मध्ये कॉफीवर बंदी आली, तेव्हा पेयाइतकाच त्याभोवती जमणाऱ्या लोकांचा प्रश्न होता.

लंडनला कॉफी पोचल्यावर ती चित्रांत आली तीही गर्दीतूनच. विल्यम होगार्थच्या ‘दिवसाच्या चार वेळा’ या मालिकेतलं ‘सकाळ’ हे चित्र (मुद्रित आवृत्ती १७३८) बघा. कोव्हेंट गार्डनच्या चौकात हिवाळ्याची सकाळ आहे. एक सोवळी बाई चर्चला निघाली आहे आणि समोर टॉम किंगच्या कॉफीखान्याच्या दारात रात्रभराची मंडळी मारामारी करत आहेत. कॉफीखाना आहे, पण कॉफी कुठे दिसत नाही.

इथे वहीत मी पहिली मोठी नोंद केली. चित्रात कॉफी सहसा दिसतच नाही. दिसते ती किटली, कप, बशी, चमचा. पेय म्हणून तिला चित्रकाराने दिलेली जागा म्हणजे फार तर कपाच्या तोंडाशी एक काळसर लंबगोल. द्राक्ष, लिंबू, मासा, पाव यांचं तसं नाही. ते जसे उगवले किंवा पकडले गेले तसेच टेबलावर येतात. कॉफी मात्र भाजून, दळून, उकळून, गाळून येते. आपलं मूळ ती वाटेतच सोडून येते.

सुलतानाचा पोशाख

आता फ्रान्स. राजा पंधराव्या लुईची मैत्रीण मादाम द पॉम्पादूर हिने बेलव्ह्यू इथल्या आपल्या महालात एक खोली तुर्की थाटात सजवली. तिच्यासाठी १७५०च्या दशकात कार्ल व्हान लू याने काही चित्रं केली. त्यांतल्या एकात ती स्वतः सुलतानाच्या वेशात बसली आहे आणि एक कृष्णवर्णीय दासी तिच्यापुढे कॉफी धरते आहे. गाद्या, लोकर, रेशीम आणि मोती, सगळा जनानखाना उभा केला आहे.

या चित्रापाशी मी बरेच दिवस अडकलो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे उघडउघड समोर होतं. ओतणारी आहे, तिला चेहरा आहे, हात आहेत. पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे चित्र चुकीचं देतं. त्यात कॉफी पूर्वेकडून, सुलतानांच्या दुनियेतून आल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात तोवर फ्रान्सच्या बंदरांत कॅरिबियन बेटांवरची कॉफी उतरू लागली होती. १७२०च्या दशकात मार्तिनिक बेटावर कॉफीचं रोप गेलं. तिथून लागवड पसरली आणि १७८०च्या दशकाअखेर जगातली जवळपास निम्मी कॉफी सँ-दोमिंग या एका फ्रेंच वसाहतीतून येत होती. आजचा हैती तो हाच. तिथे झाडं लावणारे, फळं तोडणारे, पोती वाहणारे आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम होते. १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये देश स्वतंत्र केला.

म्हणजे व्हान लूच्या चित्रात काळी बाई आहे, पण हव्या त्या जागी नाही. मळ्यातून उचलून तिला जनानखान्यात बसवलं आहे. तिच्या हातात टोपली असायची ती नाजूक कप झाली आहे. व्हान लूने हे जाणूनबुजून केलं असं मी म्हणणार नाही. त्या काळात तुर्की वेश ही पॅरिसची हौस होती आणि चित्रकाराला मिळालेलं कामच तसं होतं. पण हौसेने नेमकं काय झाकलं, ते आज आपल्याला दिसू शकतं.

पुन्हा लिओतारकडे येतो, आणि या वेळी कप तपासून. हा माणूस १७३८ मध्ये इस्तंबूलला गेला, चार वर्षं राहिला, परतल्यावरही लांब दाढी आणि तुर्की अंगरखा घालून युरोपभर हिंडला आणि ‘तुर्की चित्रकार’ म्हणून प्रसिद्ध झाला. १७५४ मध्ये लियाँ शहरात त्याने आपल्या नातलगांच्या घरातल्या न्याहारीचं पेस्टल चित्र केलं. ते आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. एक तरुण बाई आणि केसांना कागदाच्या सुरळ्या बांधलेली एक लहान मुलगी टेबलाशी बसल्या आहेत. मुलगी खाऊचा तुकडा दुधाळ कॉफीत बुडवते आहे, तोही थेंब सांडू नये अशा बेताने. काळ्या लाखेच्या तबकात कपबशीचं प्रतिबिंब पडलं आहे. टेबलाचा खण अर्धवट उघडा आहे आणि त्यातून डोकावणाऱ्या स्वरलिपीच्या कागदावर चित्रकाराने आपली सही आणि साल घातलं आहे.

इथे तुर्की वेश नाही, सुलतानाही नाही. एक मूल न्याहारी करतं आहे, एवढंच. मला हे चित्र मनापासून आवडतं. पेस्टल म्हणजे रंगाची भुकटी. त्या भुकटीतून चिनी मातीची झिलई काढणं काय असतं, ते रंगावर काम केलेल्याला कळतं. तरीही वहीत तिसरा रकाना कोराच राहिला. कप चिनी धाटणीचे, तबक लाखेचं, कॉफी आणि साखर समुद्रापलीकडची. अर्धं जग त्या टेबलावर आहे आणि त्या जगातलं माणूस मात्र एकही नाही.

किटली, लसूण आणि एक मोलकरीण

शार्दांने १७६१च्या सुमारास एक लहानसं चित्र केलं. पाण्याचा ग्लास, मातीची कॉफीची किटली आणि पुढ्यात लसणाचे गड्डे. बस्स. राजवाड्यातून कॉफी स्वयंपाकघराच्या फळीवर आली होती. या चित्राकडे बघताना मला प्रथमच कॉफी परकी वाटली नाही. लसणाशेजारी ठेवलेली वस्तू परकी कशी राहील? हे चित्र अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात आहे. हे नाव लक्षात असू द्या, पुढे लागेल.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १८९५च्या सुमारास, सेझानने ‘कॉफीची किटली आणि स्त्री’ हे चित्र केलं. ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. निळ्या कपड्यातली एक दणकट बाई ताठ बसली आहे. शेजारी नळकांड्यासारखी उभी किटली आणि कप, कपात चमचाही ताठ उभा. बाईचे हात मोठे, राबलेले आहेत. ती कुणाला कॉफी देत नाही, स्वतःही पीत नाही. आजवर तबक धरून उभी असणारी इथे बसली आहे, आणि किटलीइतकीच भक्कम आहे. दुसरा प्रश्न, कुणी ओतलं, इथे सन्मानाने सुटला असं मी मानतो. तिसऱ्या प्रश्नासाठी मात्र समुद्र ओलांडावा लागला.

ब्रोदोव्स्कीचा मुलगा

ब्राझीलमध्ये कॉफी १७२७ मध्ये आली. एकोणिसाव्या शतकात तो देश जगातला सर्वांत मोठा कॉफी-उत्पादक झाला, तोही गुलामांच्या कष्टावर. तिथली गुलामगिरी १३ मे १८८८ रोजी संपली. तिच्या जागी मळ्यांवर मोठ्या संख्येने इटालियन स्थलांतरित आले.

मळ्यातली माणसं चित्रांत अजिबात आलीच नव्हती, असं म्हणणं खोटं ठरेल. योहान मोरित्स रुगेन्दास या जर्मन चित्रकाराने १८२०च्या दशकातल्या आपल्या ब्राझील-प्रवासावरून केलेल्या शिळामुद्रितांत कॉफीची तोडणी आहे. १८८०च्या दशकात मार्क फेरेजने टोपल्या घेऊन तोडणीला निघालेल्या गुलामांचे फोटो काढले. पुढे जॉर्जिना दे अल्बुकेर्कीने मळ्यातल्या बायका भर उन्हाच्या उजेडात रंगवल्या. पण रुगेन्दासकडे ती माणसं निसर्गदृश्याचा भाग आहेत, प्रवाशाने डोंगरावरून पाहिलेली. फेरेजचे फोटो बघताना तर जीव गलबलतो, कारण फोटोतल्या माणसांना ‘उभे राहा’ एवढंच सांगितलेलं असणार. त्यांच्यात वाढलेल्या, त्यांची नावं ठाऊक असलेल्या माणसाने ते चित्र काढायचं अजून बाकी होतं.

कांदिदो पोर्तिनारी १९०३ मध्ये साओ पाउलो राज्यातल्या ब्रोदोव्स्की गावाजवळच्या कॉफीच्या मळ्यावर जन्मला. आईवडील इटलीच्या व्हेनेतो भागातून आलेले मजूर, घरात बारा भावंडं. शाळा प्राथमिकपुरती. पंधराव्या वर्षी तो रिओला गेला आणि तिथल्या कलाशाळेत शिरला. १९२८ मध्ये त्याला युरोप-प्रवासाचं पारितोषिक मिळालं. पॅरिसमध्ये त्याने फार थोडी चित्रं काढली, पण संग्रहालयं पालथी घातली. तिथूनच त्याने एका पत्रात कळवलं की, इथून मला माझी माती अधिक स्पष्ट दिसते आणि परत आल्यावर मी आपल्या गावची माणसं रंगवणार. १९३१च्या सुरुवातीला तो परतला आणि शब्दाला जागला.

१९३४ मध्ये त्याने ‘कॉफीचा मजूर’ हे चित्र केलं. कुदळ घेतलेला एक काळा माणूस, मागे कॉफीच्या झाडांच्या ओळी, दूरवर आगगाडी. आणि अनवाणी पाय, प्रमाणाबाहेर मोठे, जमिनीत रुतल्यासारखे. १९३५ मध्ये ‘कॉफी’ आलं. तेलरंग, १३० बाय १९५ सेंटिमीटर. लालसर माती, झाडांच्या रांगा, पाठीवर आणि डोक्यावर पोती घेतलेले मजूर, जमिनीवर बसलेली एक बाई आणि हात लांब करून हुकूम सोडणारा मुकादम. कित्येकांचे चेहरे पोत्याआड गेले आहेत. ते ओळखू येतात हातांवरून आणि पायांवरून.

पुढे पोर्तिनारीने लिहून ठेवलं की, लहानपणी मळ्यातल्या मजुरांच्या पायांनी आपल्याला चकित केलं होतं. वेडेवाकडे झालेले, दगडाकाट्यांशी एकरूप झालेले, एखादी गोष्ट सांगू शकतील असे ते पाय होते. त्याच्या टीकाकारांना हे पाय म्हणजे शरीरशास्त्राचं अज्ञान वाटलं. मला ते उत्तर वाटतं. तिसऱ्या रकान्यात मी एकच शब्द लिहिला: पाय.

आता त्या चित्राची तारीख बघा. १९२९च्या मंदीत कॉफीचे भाव कोसळले होते. भाव सावरावेत म्हणून ब्राझील सरकारने साठवलेली कॉफी नष्ट करायला सुरुवात केली. १९३१ ते १९४४ या काळात सुमारे ७ कोटी ८० लाख पोती नष्ट झाली, त्यांतली बहुतेक जाळली गेली. एक पोतं ६० किलोचं. म्हणजे ४६ लाख टनांहून जास्त कॉफी कुणीतरी तोडली, वाळवली, पाठीवर वाहिली, आणि तिचा धूर झाला. पोर्तिनारी वाहणाऱ्यांची चित्रं काढत होता, तेव्हा त्याच देशात कॉफीचे ढीग पेटत होते. चित्रात आगीचा मागमूस नाही. पण हे साल कळल्यावर त्या पोत्यांचं वजन वेगळं लागतं.

आणखी एक गोष्ट. १९३५ मध्येच पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ‘कॉफी’ला सन्माननीय उल्लेख मिळाला आणि पोर्तिनारीचं नाव देशाबाहेर गेलं. शार्दांची किटली आज ज्या संस्थेच्या संग्रहालयात आहे, तीच ही संस्था. एकाच छपराशी दोन्ही टोकं जोडली गेली आहेत, फळीवरची किटली आणि मळ्यातले पाय. ‘कॉफी’ आता रिओच्या राष्ट्रीय ललितकला संग्रहालयात आहे.

सन्मान आणि शोभा

गोष्ट इथेच थांबवली तर ती फार सोपी होईल. पोर्तिनारीला पुढे भरपूर सरकारी कामं मिळाली. रिओच्या शिक्षण मंत्रालयाच्या नव्या इमारतीत त्याने ऊस, कापूस, तंबाखू, रबर, कॉफी अशा देशाच्या अर्थचक्रांवर भित्तिचित्रं केली. सरकार होतं जेतुलियो व्हार्गासचं, १९३७ नंतर तर उघड हुकूमशाही. कॉफी जाळणारं सरकारही तेच. मजुराला भव्य करून मंत्रालयाच्या भिंतीवर चढवलं की तो देशाची शोभा होतो आणि त्याच्या मजुरीचा प्रश्न खालीच राहतो, हा आक्षेप मला खोडून काढता येत नाही. दुसऱ्या बाजूला हेही खरं की, पोर्तिनारी १९४५ आणि १९४७ मध्ये कम्युनिस्ट पक्षातर्फे निवडणुकीला उभा राहिला आणि दोन्ही वेळा हरला. संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या इमारतीसाठी त्याने ‘युद्ध’ आणि ‘शांती’ ही अवाढव्य चित्रं केली, पण १९५७च्या सोहळ्याला तो जाऊ शकला नाही. कम्युनिस्ट म्हणून अमेरिकेचं दार त्याला बंद होतं. रंगांतल्या शिशाची विषबाधा होऊन १९६२ मध्ये तो वारला. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, तरी त्याने रंग पूर्णपणे सोडले नाहीत. छापखान्यात आयुष्य काढलेल्या मला ही ओळ वाचून पुस्तक मिटावं लागलं होतं.

‘कॉफीचा मजूर’ हे चित्र डिसेंबर २००७ मध्ये साओ पाउलोच्या कला संग्रहालयातून, पिकासोच्या एका चित्राबरोबर, चोरीला गेलं आणि जानेवारी २००८ मध्ये दोन्ही सापडली. ज्याच्या श्रमाला कधी मोल मिळालं नाही, त्याचं चित्र आता चोरण्याइतकं मोलाचं झालं आहे. मघाचा आक्षेप यातच पुरा होतो.

या वहीतलं शेवटचं चित्र एडवर्ड हॉपरचं आहे. १९२७ मधलं ‘ऑटोमॅट’. रात्र, रिकामं उपाहारगृह, एका हाताचा मोजा न काढलेली एक बाई आणि तिच्यापुढे कॉफीचा कप. ऑटोमॅट म्हणजे नाणं टाकलं की झडप उघडून पदार्थ हाती येणार, वाढणारा समोर नाही. इस्तंबूलच्या त्या गर्दीपासून इथवर येईतो ओतणाराही चित्रातून गेला आणि पिणारी एकटी उरली. हे चित्र आणि पोर्तिनारीचं ‘कॉफी’ यांच्यात आठच वर्षांचं अंतर आहे. मी दोन्हींच्या छापील प्रती वहीत समोरासमोरच्या पानांवर चिकटवल्या आहेत. वही मिटली की तिचा कप त्यांच्या पोत्यांवर टेकतो.

त्या निवृत्त शिक्षकांना मी तेव्हा उत्तर पाठवलं नव्हतं. आधी ओशाळलो होतो म्हणून, मग अभ्यास पुरा होऊ दे म्हणून. कार्ड अजून वहीच्या पहिल्या पानाला टाचलेलं आहे. सर, तुमचं बरोबर होतं. कपात चॉकलेटच होतं. मी नीट बघितलं नव्हतं. त्यानंतर मात्र बघत आलो आहे.